मातेचे दिवसमान आणि पिल्लांची वाढ: प्रयोगापूर्वीची तयारी

पहिला निर्णय प्राण्याचा घ्यावा. प्रयोगशाळांत सर्रास पाळला जाणारा सी५७ब्लॅक६ उंदीर मेलाटोनिन हे रात्रीच्या अंधारात स्रवणारे संप्रेरक जवळजवळ तयारच करत नाही आणि रात्रीची लांबी मातेकडून गर्भाला कळते ती याच संप्रेरकामुळे, म्हणून तो इथे कुचकामी ठरतो. सैबेरियन हॅम्स्टर हा उंदरासारखा छोटा कृंतक प्राणी निवडावा. १९८६ मध्ये स्टेटसन, इलियट आणि गोल्डमन यांनी, तसेच वीव्हर आणि रेपर्ट यांनी, मातेने अनुभवलेले दिवसमान, म्हणजे दिवसातील उजेडाचे तास, पिल्लांच्या वाढीवर ठसा उमटवते हे याच प्राण्यात दाखवले.

प्रश्न नेमका काय आहे, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. सर्व पिल्ले जन्मानंतर १४ तासांच्या एकाच दिवसमानात वाढवायची आणि फरक ठेवायचा तो फक्त गर्भावस्थेत. ज्यांच्या माता १६ तासांच्या उजेडात होत्या, त्यांच्या दृष्टीने हेच १४ तास आखडत चाललेल्या दिवसाचे, म्हणजे हिवाळा जवळ आल्याचे लक्षण असते आणि त्यांच्या वृषणांची वाढ रेंगाळते. १२ तासांच्या उजेडातील मातांची पिल्ले मात्र तेच १४ तास वसंताची चाहूल समजून लवकर वयात येतात. दोन्ही गट समान १४ तासांवर आणले नाहीत, तर प्रयोग मातेचा न राहता पिल्लांच्या स्वतःच्या अनुभवाचा होईल.

माद्यांना फार आधीपासून लहान दिवसात ठेवू नये, कारण काही आठवड्यांत त्यांची प्रजननक्षमताच ओसरते. जोडी मोठ्या दिवसात लावून मग दिवसमान बदलावे. गर्भकाळ सुमारे १८ दिवसांचा असतो. प्रसूतीनंतर मादी लगेच पुन्हा माजावर येते, तेव्हा नर त्याआधीच वेगळा काढावा, नाहीतर पिल्लांना पाजत असतानाच तिला नवा गर्भ राहील आणि हिशेब बिघडेल.

सर्वाधिक वेळ अंधाराच्या तपासणीला द्यावा, आणि नवखे लोक नेमके हेच उरकून टाकतात. दिवे बंद करून दहा मिनिटे खोलीत थांबावे, डोळे सरावल्यावर दाराखालची फट, वातानुकूलन यंत्राचा हिरवा दिवा, टायमरचा चमकणारा आकडा शोधावा आणि प्रत्येकावर काळी चिकटपट्टी लावावी. रात्री थोडासा उजेड पडला तरी मातेचे मेलाटोनिन दबते आणि लांब रात्र तिच्या शरीरापुरती लहान होते. टायमरवर विसंबून न राहता खोलीत प्रकाशनोंदणी यंत्र चालू ठेवावे, म्हणजे मधेच वीज गेली तरी कळेल. अंधारात पिंजरे हाताळणे शक्यतो टाळावे. टळत नसेल तर मंद लाल दिव्यात आणि थोडक्यात आटोपावे.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची लेखी मंजुरी, खाद्य, तापमान आणि तराजूची पडताळणी यांची व्यवस्था नेहमीप्रमाणे करावी.

विश्लेषणाची आखणीही आधीच झालेली असावी. एका वेतातील पाच पिल्ले म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत; मोजणीचे एकक माता आहे, म्हणून प्रत्येक गटात पुरेशा माता हव्यात, आणि हातात फक्त पिल्लांची संख्या भरपूर असेल तर सुरुवातच करू नये. वजन रोज ठरलेल्या वेळी घ्यावे आणि वृषणांचे वजन चौथ्या-पाचव्या आठवड्यात, कोणते पिल्लू कोणत्या गटातील आहे हे तोलणाऱ्याला ठाऊक नसताना घ्यावे. शक्य असल्यास काही पिल्ले जन्मतःच दुसऱ्या गटातील मातेकडे द्यावीत, म्हणजे गर्भातील परिणाम आणि दूध पाजण्याच्या काळातील परिणाम वेगळे करता येतील.