बंद शिसे-चांदीच्या खाणीवर प्रबंध घेताय? आधी ढिगारा ओळखा

नागपुरात जिओलॉजी शिकलेल्या पोराचा हात मँगनीजला सरावलेला असतो. मनसर, कांद्री, गुमगावची फिल्ड झालेली असते आणि सौसर ग्रुपचा, म्हणजे ज्या खडकसमूहात हे मँगनीज सापडतं त्याचा, क्रम झोपेतही म्हणता येतो. मग एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी कोणीतरी शिसे-चांदी-सोन्याची जुनी खाण विषय म्हणून घेतं, कारण नाव भारी वाटतं. घ्या, विषय खरंच चांगला आहे. पण मँगनीजची सवय इथं उपयोगी पडत नाही, उलट नडते. तिकडे थर धरला, घडी ओळखली की माल कुठं जातो ते बरंचसं कळतं. शिरांमधल्या शिसे-चांदीत गरम द्रव भेगांतून वर आलेला असतो आणि चार पावलांवर खनिजं बदलतात.

आपल्याच जिल्ह्यात साकोली नावाच्या खडकांच्या पट्ट्यात कोलारी-भावरीला जस्त आहे, पुल्लर-परसोडीकडे सोनं आहे. जुनं खाणकाम बघायचं असेल तर मात्र राजस्थानात झावरला जावं लागतं. तिथं डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकात गॅलेना (शिशाचं खनिज) आणि स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) आहे, आणि जुन्या काळी जस्त गाळलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग पडलेत. त्या मुशी आणि धातूची मळी म्हणजे भट्टीतून निघालेला माल, खाणीतला दगड नव्हे. नमुना म्हणून पिशवीत भरू नका. हसू नका, भरतात लोक.

आता मुख्य गोष्ट. बंद खाणीत आत जाता येत नाही, म्हणून सगळे बाहेरच्या ढिगाऱ्यावर तुटून पडतात आणि त्यालाच खडकाचा उघडा भाग समजतात. मीही तेच केलं आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. ढिगाऱ्यात काय असतं? खाणवाल्याला जे नको होतं ते. त्यानं गॅलेना निवडून नेला, बाकीचं फेकलं. त्यामुळे ढिगाऱ्यातल्या प्रमाणावरून शिरेतलं प्रमाण काढता येत नाही. शिवाय ढीग बऱ्याचदा उलटा असतो: खाण खोल जात गेली तसा खालचा दगड वर येऊन पडला, म्हणजे माथ्यावर सगळ्यात खोलचा माल. ‘वरून खाली खनिजं अशी बदलतात’ असं त्यावरून लिहिलंत की चित्र आडवंतिडवं नाही, थेट उलटं होतं.

त्याहून फसवा तो पांढरा थर. गॅलेना हवेत-पावसात पडून राहिला की त्यावर अँग्लेसाइट, सेरुसाइट ही शिशाचीच दुसरी खनिजं चढतात. जमिनीखालच्या ऑक्सिडेशन झोनमध्येही (हवा-पाणी पोचतं त्या वरच्या भागात) हीच खनिजं तयार होतात. मग तुमच्या हातातलं सेरुसाइट खाणीतलं की फेकल्यानंतरचं? एका सुट्या दगडावरून सांगता येत नाही. थर दगडाच्या फक्त बाहेरच्या, फुटलेल्या अंगावर असेल तर संशय घ्या. आतल्या भेगांत, क्वार्ट्‌झबरोबर गुंतलेला असेल तर थोडा धीर येतो. थोडाच.

आणि चांदी. चकचकीत गॅलेना हातानं निवडून लॅबला दिला, रिपोर्टात टनाला 1000 ग्रॅम चांदी आली, की पोट्टे नाचतात. शांत बसून हिशेब करा. शुद्ध गॅलेनात शिसं 86.6 टक्के. खाणीतल्या मालात शिसं 5 टक्के धरलं तर गॅलेना साधारण 5.8 टक्के. म्हणजे मालात चांदी टनाला 58 ग्रॅमच्या आसपास, 1000 नाही. ‘निवडक गॅलेना’ हे दोन शब्द तक्त्याच्या मथळ्यात लिहिले नाहीत तर एक्स्टर्नल परीक्षक तुम्हाला तिथंच धरतो, आणि बरोबरच करतो.

चांदी गॅलेनातच विरघळलेली असते असंही गृहीत धरू नका. पुष्कळदा ती टेट्राहेड्राइटसारख्या दुसऱ्या खनिजांच्या बारीक कणांत बसलेली असते. पॉलिश सेक्शन, म्हणजे दगडाचा घासून चकचकीत केलेला तुकडा, करा; सूक्ष्मदर्शकात परावर्तित प्रकाशाखाली गॅलेनाचे त्रिकोणी खड्डे दिसले की त्यांच्या शेजारी काय आहे ते बघा. सेक्शन कसा घासायचा हे गाईडपेक्षा लॅबमधल्या दादांना विचारा, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांना वेळ नसतो. दादांना असतो, आणि त्यांचा हात बसलेला असतो.

सोनं बहुतेकदा डोळ्याला दिसत नाही. ते पायराइट, आर्सेनोपायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजांमध्ये लपतं. फायर असेमध्ये, म्हणजे नमुना भट्टीत वितळवून करायच्या तपासणीत, शिसंच सोनं-चांदी गोळा करतं, मग क्युपेल नावाची सच्छिद्र वाटी ते शिसं शोषून घेतं आणि मणी उरतो. नायट्रिक आम्लात त्यातली चांदी विरघळते. नमुन्यात गॅलेना भरपूर असेल तर लॅबला आधीच सांगा, त्यांना फ्लक्सचं (वितळायला मदत करणाऱ्या मिश्रणाचं) प्रमाण बदलावं लागतं.

घाबरू नका, ढिगारा निरुपयोगी नाही. कोणती खनिजं आहेत, कोण कोणाला कापतं, हे तो छान सांगतो. जागा आणि प्रमाण मात्र जुन्या नकाशांवरून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) मध्य विभागाचं कार्यालय आहे, त्यांचं भूकोश पोर्टल घरबसल्या उघडतं. सिनिअरचा प्रबंध कॉपी करून नाव बदलणाऱ्यांना मी काही सांगत नाही. ते जिओ-सायंटिस्टच्या सरकारी भरतीच्या मुलाखतीत एका प्रश्नात उघडे पडतात.

‘बंद’ म्हणजे माल संपला असंही लिहू नका. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये बंद झाली तेव्हा ती 3 किलोमीटरहून खोल गेली होती; तेवढ्या खोलातून काढणं परवडेना.

आणि बोगद्यात शिरायचं नाही. कोणी स्थानिक ‘चला, दाखवतो’ म्हणाला तरी नाही. पायराइट आणि कुजणारी लाकडं आतला ऑक्सिजन खातात, वासही येत नाही. बाहेरही डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवा, नखांतली शिशाची धूळ पोटात जाते.