दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात पैसे पुरवायची सोपी पद्धत

पार्टटाईम जॉब सुटला की शेवटचा पगार खात्यात दिसत राहतो आणि वाटतं अजून बरेच आहेत, मग चहा, वडापाव, रिक्षा, सगळं स्कॅन करत सुटतो आणि वीस तारखेलाच घरी फोन. माझं दोनदा झालंय.

आता मी असं करतो:

१. दुसरं एक सेव्हिंग खातं ठेवायचं आणि ते कुठल्याच यूपीआय ॲपला जोडायचं नाही. सगळे पैसे तिकडे.

२. आधी दोन महिन्यांचं रूमभाडं आणि मेस बाजूला. माझ्याकडे २१,००० होते, त्यातले कॉट बेसिसचे ९,००० आणि मेसचे ६,००० गेले, उरले ६,०००, म्हणजे आठ आठवडे धरले तर आठवड्याला ७५०.

३. दर सोमवारी तेवढेच ७५० रोजच्या खात्यात येतील असं नेट बँकिंगमधून शेड्यूल करून टाकायचं, हाताने करायला गेलं की हजार होतातच.

४. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून नको ते सबस्क्रिप्शन बंद करा. मला तिथे विसरलेलं एक जिमचं सापडलं!

आणि गावी जाणार असाल तर मेसवाल्या काकूंना आधी सांगून खाडा लावून घ्या, नंतर सांगितलं तर त्या ऐकत नाहीत.

फक्त एक बघा, दुसरं खातं म्हणून जुनं सॅलरी अकाउंट वापरू नका, काही महिने पगार आला नाही की बँक ते साधं सेव्हिंग करते आणि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो. स्टेट बँकेत सेव्हिंगला २०२० पासून ती अट नाही.