गव्हाची पेरणी : या चुका टाळा

फेब्रुवारीअखेर गव्हाच्या ओंब्या वरून भरलेल्या दिसतात, पण एखादी तळहातावर चोळली की बारीक, सुरकुतलेला दाणा निघतो. अशा वेळी दोष बहुधा खताला किंवा शेवटच्या पाण्याला दिला जातो. मूळ मात्र पेरणीत असते. कॅन्सस किंवा युक्रेनमध्ये शरद ऋतूत पेरलेल्या गव्हाला बर्फाखाली तग धरावा लागतो. महाराष्ट्रातल्या गव्हाला मोजकीच थंडी मिळते आणि मागून ऊन येते, म्हणून त्या थंडीतले किती दिवस पिकाच्या वाट्याला येतात, हे पेरणीची तारीख ठरवते.

सर्वांत महाग पडते ती उशिराची पेरणी. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान करण्याची शिफारस आहे. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते आणि १५ डिसेंबरनंतर गहू पेरणे परवडत नाही. थंडीत फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडाशी येणारे जादा कोंब, भरपूर येतात. उशिरा पेरलेल्या पिकाचा फुटव्यांचा काळ आखडतो आणि दाणा भरायच्या वेळी ऊन गाठते. मार्च २०२२ मधल्या उष्णतेने उत्तर भारतातल्या गव्हाचीसुद्धा हीच गत केली होती. याउलट ऑक्टोबरच्या उन्हात बागायती गहू घाईने पेरला, तर पुरेसे फुटवे न येताच तो कांडी धरतो, म्हणजे त्याचे खोड वाढू लागते.

मका किंवा कापूस रानातून निघायला वेळ लागला, तर उशीर टळत नाही. अशा वेळी वेळेवरचेच गणित पुढे चालवणे, ही दुसरी चूक ठरते. उशिरासाठी निफाड ३४ किंवा दोन्ही वेळांना चालणारा फुले समाधान यांसारखा वाण निवडावा, दोन ओळींतले अंतर २२.५ सेंटिमीटरऐवजी १८ ठेवावे आणि बियाणे एकरी ४० ते ५० किलोवरून ५० ते ६० किलोपर्यंत वाढवावे, कारण फुटव्यांची तूट रोपांच्या संख्येनेच भरून काढायची असते. वेळेवरच्या पेरणीत मात्र हाच हात सैल सोडला, तर दाटी होऊन पीक लोळते. जादा बी टाकण्यापेक्षा शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजलेले बरे.

खोलीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बी ५ ते ६ सेंटिमीटरवर पडावे. रोटाव्हेटरने भुसभुशीत केलेल्या रानात पेरणी यंत्राचा दाता सहज खाली जातो आणि आजच्या बुटक्या वाणांच्या कोंबाचे आवरण आखूड असल्याने त्यातले पहिले पान मातीतच उलगडून दुमडते. पिवळट, विरळ उगवण दिसली, तर एक रोप मुळासकट उपटून पाहावे. दाणा आणि वरची गाठ यांच्यामध्ये लांब पांढरी दांडी दिसली, तर बी खोल गेले आहे. ही गाठ जमिनीखाली दोनअडीच सेंटिमीटरवरच तयार होते. तिथवर पोहोचण्यातच दाण्याची शिदोरी संपली, तर फुटवे कुठून येणार? म्हणून पहिल्या दोन ओळी पेरल्यावर यंत्र थांबवून, बोटाने माती उकरून बियाची खोली मोजूनच पुढे जावे.

काळ्या रानात कोरडे पेरून वरून पाणी सोडल्यास पपडी धरते. आधी रान ओलवून वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशा वेळी, पेरावे. उभी-आडवी पेरणी टाळावी, कारण पुढे तण काढायचे कोळपे चालत नाही.

वरच्या गाठीतून निघणारी मुकुटमुळे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले, तर पेरणी कितीही नेमकी असली तरी फुटवे कमीच राहतात. नत्राचा अर्धा हप्ता पेरताना आणि उरलेला याच सुमारास द्यावा. सगळा युरिया पेरणीलाच टाकून मोकळे होणे सोयीचे असले, तरी पिकाला तो ऐन फुटव्यांच्या वेळी कमी पडतो.