शेड मारायची आहे? कंत्राटदाराला बोलावण्याआधी एवढं करा

उसाचं बिल हातात आलं की आमच्या बेळगाव-चिकोडी भागात शेड मारायचा विषय निघतोच. वळीव सुरू व्हायच्या आत पत्रा चढवायचा असेल तर फेब्रुवारीतच माणूस ठरवावा लागतो. पण त्याला फोन करायच्या आधी घरात बसून एक कागद करा. शेड गोठ्यासाठी हवी, की कडब्यासाठी, की ट्रॅक्टरसाठी? मोठ्या गाईला छपराखाली साधारण साडेतीन चौरस मीटर जागा धरतात, म्हशीला चार. गव्हाण आणि चारा टाकायची वाट त्यात वेगळी मिळवा. ट्रॉली आत घ्यायची असेल तर ती कडब्यानं भरून खालपासून वरपर्यंत टेपनं मोजा. अंदाजानं सांगितलेली उंची पुढं कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्याला, घासते.

मग जागा. उताऱ्यावर भावांची नावं एकत्र असतील तर त्यांची संमती आधीच लिहून घ्या. स्वतःच्या शेतीसाठीचा गोठा आणि भाड्यानं द्यायचं गोडाऊन यांत कायद्यानं फरक आहे. गोडाऊनसाठी कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली जमीन बिनशेती करून घ्यावी लागते. पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारून घ्या. हेस्कॉमची (वीज कंपनीची) तार वरून जात असेल तर त्या जागेचा नाद सोडा, पाइप उभा करताना माणूस जातो. कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्यांनी ऑगस्ट 2019 ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण धरून जोत्याची उंची ठरवावी.

आता खड्डा. या कामात सगळ्यात जास्त चूक इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खानापूरकडं थोडं उकरलं की जांभा लागतो. निपाणी-अथणीकडच्या काळ्या मातीचं तसं नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला हलवत राहते. जिथं खांब येणार तिथं एक खड्डा स्वतः काढून ठेवा, मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा, आणि कंत्राटदाराला तो खड्डा दाखवूनच खोली ठरवा.

आमच्या पहिल्या शेडचे खड्डे दीड फुटाचे होते. दुसऱ्याच वर्षी वळवानं कडेचे दोन खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट उपसून काढले. सकाळी बघतो तर पाइप आडवा, त्याच्या बुडाला घागरीएवढा गोळा, आणि म्हैस भेदरून बांधाला उभी. छपराचं वजन खाली दाबतं एवढंच आम्हाला माहीत होतं. बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट खोल खड्डा काँक्रीटनं भरला तर एक टनाच्या वर वजन होतं. तेवढं वजन खांबाला धरून ठेवतं. तुमच्या शेडला किती लागेल ते एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून काढून घ्या. त्याची फी पत्र्याच्या चार पानांतून निघते.

अमेरिकेत अशा शेडचे लाकडी खांब औषध मुरवून थेट जमिनीत रोवतात. आपल्याकडंही जुन्या गोठ्यांच्या मेढी तशाच रोवलेल्या असायच्या. पण लोखंडी पाइप गोठ्यात तसा पुरू नका. शेण-मुताच्या ओलीनं तो जमिनीच्या पातळीवरच कुजतो, रंगाखालून पोपडे सुटतात. काँक्रीटचा कट्टा जमिनीच्या वर दीड फूट आणून, त्यात बोल्ट सोडून, वर बेसप्लेटवर, म्हणजे बुडाच्या लोखंडी प्लेटवर, खांब उभा करायला सांगा.

दर विचारताना पहिला प्रश्न असा: चौरस फूट जमिनीचा की पत्र्याचा? 30 बाय 50 ची शेड जमिनीवर 1500 फूट भरते. चारही बाजूंनी तीन-तीन फूट पत्रा बाहेर काढला की तीच 36 बाय 56, म्हणजे 2016 फूट होते, आणि उताराचं माप त्यावर आणखी. दोन कंत्राटदारांचे दर शेजारी ठेवताना हे आधी सारखं करून घ्या. पाइपही नुसता ‘चार इंची’ म्हणून लिहू नका. साडेचार मिलिमीटर जाडीचा चार इंची पाइप मीटरला सुमारे 12 किलो भरतो, 3.65 चा जेमतेम 10. गाडी आली की वजनकाट्याची पावती मागा. पत्रा 0.50 मिलिमीटरचा म्हणतात, तो रंग धरून की रंगाशिवाय, तेही कागदावर यावं. जोडाला नुसते टाके नकोत, चारी बाजूंनी वेल्डिंग हवं, आणि रेडऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) जमिनीवरच मारून मग कैची वर चढवावी.

कंत्राटदारानं केलेली निदान तीन वर्षं जुनी शेड बघायला जा, शक्यतो पावसात. मालकापेक्षा तिथल्या गड्याला विचारा, कुठं गळतं ते तो बोटानं दाखवतो. वेल्डिंगला पंपसेटची लाइन देऊ नका, जनरेटरचं आधीच ठरवा. उंचावर चढणाऱ्या पोरांना सुरक्षेचा पट्टा आणि विमा कोण देणार हे करारात असू द्या; करार मराठीत करा किंवा कन्नडमध्ये, दोघांनाही वाचता आला पाहिजे.

पैसे टप्प्यानं द्या: खड्डे भरल्यावर, खांब-कैची उभी राहिल्यावर, पत्रा चढल्यावर. दहा टक्के पहिला मोठा वळीव होईपर्यंत हातात ठेवा, आणि ही अट पहिल्याच दिवशी बोलून घ्या. पाऊस उघडल्यावर कंत्राटदाराला बोलावून दोघं मिळून शिडीवर चढा, कडेच्या रांगेतले स्क्रू आणि त्यांचे रबरी वायसर हातानं हलवून बघा, आणि मगच उरलेली रक्कम मोजा.