गिंबल घेण्याआधी वजनकाटा काढा
ड्रोनसाठी गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली चौकट, निवडताना कॅमेऱ्याचं छापील वजन धरू नका. लेन्स, बॅटरी, कार्ड घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, त्यात गिंबलचं वजन मिळवा आणि मगच ड्रोनला ते झेपेल का बघा. शक्यतो ३ अक्षांचाच घ्या, म्हणजे पुढे-मागे झुकणं, बाजूला कलणं आणि वळणं हे तिन्ही सावरणारा. २ अक्षांच्या गिंबलमध्ये ड्रोन वळला की चित्र हिसका खातं. बसवल्यावर, वीज बंद असताना कॅमेरा बोटाने तिरका करा. सोडाल तिथेच थांबला पाहिजे, नाहीतर मोटर सतत झगडून तापते. तरीही चित्र जेलीसारखं थरथरलं, तर आधी पंखे बॅलन्स करा, थरथर शोषणारे रबरी डॅम्पर दाबून बघा. माझे दोन उन्हानं कडक झाले होते, आणि मी आठवडाभर सेटिंग बदलत बसलो होतो!