आधी पान सोडायला शिकवा

नागरिकशास्त्राच्या तासाला माध्यमांबद्दल शिकवायचं असेल, तर व्याख्येपासून सुरुवात करू नका. मी आठवीच्या वर्गात एक फोटो लावते: पाण्याखाली गेलेला रस्ता आणि गाडीलगत पोहणारा शार्क. मुलं लगेच त्यावर तुटून पडतात. सावली चुकलीय, पाणी खोटं वाटतं, नाही बाई, खराच आहे! पाच मिनिटं बोलू द्या, मग थांबवा. नुसतं टक लावून बघत बसलं तर याचा छडा लागत नाही, हे त्यांना इथेच उमगायला हवं.

आता तोच फोटो इमेज सर्चमध्ये, म्हणजे फोटो आधी कुठे आलाय ते शोधणाऱ्या सोयीत, टाकायला लावा. 2011 च्या आयरीन वादळात तो फिरला होता, 2017 च्या हार्वे वादळात पुन्हा फिरला, या वेळी वेगळ्या शहराच्या नावाने. आणखी मागे गेलं की थॉमस पेशाक या छायाचित्रकाराचा मूळ फोटो सापडतो. समुद्रात एक कयाक (छोटी निमुळती होडी), तिच्या मागे शार्क. तोच शार्क उचलून रस्त्यावर चिकटवलेला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की वर्ग गप्प होतो. त्या वेळी घाईने समजावत बसू नका.

ही सवय शिकल्या-सवरल्यांनाही आपोआप लागत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 फॅक्ट-चेकर (बातम्या-दावे खरे की खोटे ते तपासणारे) आणि 25 विद्यार्थ्यांना वेबसाइट पारखायला दिल्या होत्या. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा लोगोला, देखण्या मांडणीला भुलले. फॅक्ट-चेकरांनी मात्र ते पान सोडून पटकन नवे टॅब उघडले आणि त्या वेबसाइटबद्दल इतर लोक काय सांगतात ते पाहिलं.

अशा तपासणीसाठी वहीत चार रकाने पुरतात: कोणी सांगितलं, त्याला कसं कळलं, आणखी कोण सांगतंय, मी काय ठरवलं. शेवटच्या रकान्यात ‘अजून कळलं नाही’ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या.

एक चूक मी केली, ती तुम्ही टाळा. पहिल्या वर्षी मी फक्त खोटेच नमुने दाखवले. तीन आठवड्यांत मुलं म्हणू लागली, ‘बाई, सगळंच फेक असतं.’ मला धस्स झालं. कशावरच विश्वास नसलेला माणूस मत द्यायला तरी कशाला जाईल? तेव्हापासून दहात सहा नमुने खरे ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्ड मेसेजवर दिसणाऱ्या दुहेरी बाणाचंही तसंच. मुलं त्याला खोटेपणाचा शिक्का समजतात. मजकूर निदान पाच वेळा पुढे पाठवला गेलाय, एवढाच त्याचा अर्थ.

घरच्या मोठ्यांची चूक कशी सांगायची याचा सराव वर्गातच घ्या. चारचौघांत, ग्रुपवर नको. ‘काका, हा फोटो जुना आहे, मूळ फोटो तुम्हाला पाठवते’, एवढं स्वतंत्रपणे कळवलं तरी पुष्कळ.

मग शाळेतलीच एक अफवा घ्या. आमच्याकडे ‘परीक्षा पुढे ढकलली’ ही होती. मुलांनी मुख्याध्यापकांना भेटून विचारलं आणि फलकावर नाव-तारखेसह बातमी लावली. त्यात एका विषयाची तारीख चुकली. लिहिणारी मुलगी कागद काढून टाकायला निघाली होती. मी तिला तो तसाच ठेवायला सांगितला. तिने चुकीच्या तारखेवर एक रेघ मारली, खाली बरोबर तारीख लिहिली आणि शेजारी ‘दुरुस्ती’ लिहून सही केली.