गाडी पुढून ‘खट-खट’ वाजते? शॉकअप बदलण्याआधी हे करा

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गाडी पुढून वाजू लागली, की शॉकअप बदलायचा सल्ला लगेच मिळतो. आधी डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी घट्ट आहेत ना ते बघा. मग काचा खाली करून ताशी 10 किमीने:

1. गतिरोधकावरून पुढची दोन्ही चाकं एकदम न्या.
2. आता एकाच बाजूचं चाक त्यावरून न्या. फक्त तेव्हाच वाजलं तर बहुतेक स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी दांडी) बुश म्हणजे रबरी तुकडे, किंवा बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा लिंक रॉड ढिला. दोन्ही चाकं सोबत उचलली गेली की बार पिळला जात नाही, म्हणून तेव्हा तो गप्प असतो.
3. दोन्ही वेळा वाजलं तर ब्रेक हलका दाबून पुन्हा जा. आवाज बंद झाला तर ब्रेकचे पॅड किंवा ते दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना ढिल्या. नाहीतर लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बुश, त्याच्या टोकाचा गोल सांधा म्हणजे बॉल जॉइंट, किंवा शॉकअप वरून जिथे बसतो ते माउंटिंग बघा.

लिंक रॉड हलवून बघताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि दोन्ही चाकं जमिनीवरच हवीत. एक बाजू जॅकवर घेतली की बार ताणला जातो आणि ढिलेपणा हाताला लागतच नाही. गॅरेजमध्येही हे सुटू शकतं.

लोअर आर्मचे बुश बदलले तर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायला लावा. लटकत्या चाकावर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि नवे बुशही लवकर फाटतात.